ड्राइव्ह लावला की तळ का जातो

नव्या मल्टी-इफेक्टमध्ये (अनेक इफेक्ट एकत्र असलेलं पेडल) ड्राइव्ह, म्हणजे आवाज फाटका-खरखरीत करणारा इफेक्ट, चालू केला की बेस गिटारचा आवाज पातळ होतो, अशी तक्रार असते. ती बरोबर आहे, पण त्यासाठी लगेच पेडलला दोष देऊ नका. बऱ्याच ड्राइव्ह मॉडेलमध्ये क्लिपिंगच्या (सिग्नलची टोकं छाटून आवाज फाडण्याच्या) आधीच लो फ्रिक्वेन्सी, म्हणजे खालचे सूर, कापलेली असते. खालची ई तार साधारण ४१ हर्ट्झची, पाच तारांच्या बेसवरची बी ३१ची. मार तिथेच बसतो.

ब्लेंड (मूळ आणि इफेक्टचा आवाज मिसळायची सोय) असेल तर ड्राइव्ह ४०-५० टक्क्यांवर ठेवा. दोन समांतर मार्ग करता येत असतील तर त्याहून उत्तम: क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे सूर वेगळे करणारी सीमा) २०० हर्ट्झच्या आसपास, खालचा मार्ग क्लीन म्हणजे ड्राइव्हशिवाय आणि कॉम्प्रेसरसह (आवाजातले चढउतार कमी करणारा इफेक्ट), वरच्यावर ड्राइव्ह. आवाज पोकळ झाला तर एका मार्गाची फेज (ध्वनिलहरीची दिशा) उलटी करून बघा.

बेस अॅम्पच्या इनपुटला जोडताना कॅब सिम्युलेशन (स्पीकर कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल) बंदच हवं, नाहीतर कॅबिनेटवर कॅबिनेट चढून आवाज घुसमटतो. थेट मिक्सरला देताना मात्र चालू.

ऑक्टेव्हर (वाजवलेल्या सुराला एक सप्तक खालचा सूर जोडणारा इफेक्ट) इफेक्टच्या साखळीत सगळ्यात आधी ठेवा. तरीही मोकळ्या ई तारेवर तो बऱ्याचदा अडखळतो. पाचव्या फ्रेटच्या वर वाजवा. अॅक्टिव्ह बेस (बॅटरीवरचा प्रीअॅम्प असलेला) असेल तर प्रीसेटला (साठवलेल्या सेटिंगला) हात लावण्याआधी इनपुट लेव्हल कमी करा.