बंड, उठाव की दंगे? रायण्णाच्या निमित्ताने शब्दचर्चा

मूळ प्रश्न : खानापूर तालुक्यातून

माझी भाची सातवीत आहे, मराठी माध्यमात. २६ जानेवारीला तिला शाळेत, कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णावर बोलायचं होतं. १८३१ साली याच तारखेला आमच्या तालुक्यात नंदगडला रायण्णाला फाशी दिली, त्यामुळे इकडे त्या दिवशी झेंडा आणि रायण्णा दोघांचीही आठवण निघते. तिनं वहीत लिहिलं, ‘रायण्णाने इंग्रजांविरुद्ध बंड केले.’ मराठीच्या बाईंनी ‘बंड’ खोडून वर लाल शाईनं ‘उठाव’ लिहिलं. संध्याकाळी कन्नडचा गृहपाठ काढला, तर तिथे शब्द होता ‘दंगे’. जेवताना तिनं विचारलं, “मामा, रायण्णा दंगलखोर होता काय हो?”

मी घास हातात धरूनच बसलो. कन्नडमध्ये ‘दंगे एद्दरू’ म्हणजे सत्तेविरुद्ध उठले. १८५७ लाही ते ‘सिपायी दंगे’च म्हणतात, त्यात कमीपणा नाही. आपल्याकडे दंगा म्हणजे दगडफेक, जाळपोळ, नाहीतर वर्गात मास्तर नसताना पोरं करतात तो. तेवढं तिला समजावलं. पण बाईंनी ‘बंड’ का खोडलं, ते मला सांगता येईना. बंड हा शब्द खरंच हलका आहे का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद : बेळगाव, शहापूर

दादा, हलकेपणा ‘बंड’मध्ये नाही, तो ‘बंडखोर’मधल्या ‘खोर’मध्ये आहे. खोर फारसीतून आला, मूळ अर्थ ‘खाणारा’. मराठीत तो ज्यांना चिकटलाय ते बघा : चहाडखोर, लाचखोर, हरामखोर, भांडखोर, दंगेखोर. या रांगेत एकही भला माणूस नाही. बंडखोर त्यांच्याच पंगतीला बसला आणि त्याचा वास मूळ ‘बंड’लाही लागला. वर निवडणूक आली की तिकीट न मिळालेला प्रत्येक जण बंडखोर होतो. रायण्णाला आणि त्याला एकच शब्द! बाईंना तेच खटकलं असणार.

जुन्या मराठीत ‘बंडवाला’ असा शब्द होता. त्यात शिवी नव्हती. तो मागे पडला याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रतिसाद : गडहिंग्लजहून

सीमेच्या या बाजूनं दोन शब्द. आमच्या सामानगडावर १८४४ साली गडकऱ्यांनी हत्यार उपसलं. भूदरगड, पन्हाळाही त्यात होते. गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गड राखणारा शिबंदीतला माणूस. त्याच्या पोटाला गडाखालची जमीन लावून दिलेली असे. कोल्हापूरच्या कारभारात इंग्रजांनी हात घातला, त्या जमिनींचा ताबा मामलेदाराकडे द्यायचं ठरलं आणि गडाचे दरवाजे लागले. सरकारी कागदात ते ‘बंड’, आमच्या पुस्तकात ‘उठाव’, गावात आजही ‘गडकऱ्यांचं बंड’. गावानं सरकारचा शब्द घेतला, सरकारची बाजू घेतली नाही.

आणि रायण्णा कोण होता, हे भाचीच्या भाषणात आहे का? तो कित्तूर संस्थानचा शेतसनदी होता. हा शब्द सातवीच्या मुलीला जरूर शिकवा. शेत आपलं, सनद अरबीतून आलेली, आणि तो जोडशब्द कन्नड मुलखात एका धनगराच्या पोराच्या हुद्द्याला लागला. शेतसनदी म्हणजे गावाची राखण आणि वेळ पडली तर लढाई, त्याबदल्यात जमिनीची सनद. २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरवर चालून आलेला धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. पण डिसेंबरात किल्ला पडला. राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत १८२९ मध्ये वारली. रायण्णाची काही जमीन सरकारजमा झाली, उरलेलीवर जबर सारा बसला. सनद देणारं कित्तूर बुडालं होतं, तरी चाकरी त्यानं सोडली नाही. राणीच्या दत्तक मुलाला गादीवर बसवायचं म्हणून तो लढला. कचेऱ्या जाळल्या, दप्तरं जाळली. दप्तर जाळणाऱ्या शेतसनदीला काय म्हणायचं, हे तो कागद कोणाचा होता त्यावर ठरतं.

प्रतिसाद : निपाणीहून

गडहिंग्लजकरांनी ‘सरकारचा शब्द घेतला’ म्हटलं, त्यावरून एक परदेशातली हकीकत सांगते. १५६६ साल. नेदरलँड्सवर स्पेनच्या राजाचा अंमल, कारभार बघायला त्याची सावत्र बहीण मार्गारेट. धर्मावरून चाललेला छळ थांबवा म्हणून शेकडो सरदार ब्रुसेल्सला अर्ज घेऊन आले. एवढी माणसं बघून बाई गडबडली. तेव्हा तिचा एक सल्लागार फ्रेंचमध्ये म्हणाला, असल्या भिकाऱ्यांना काय भ्यायचं? ते सरदारांच्या कानावर गेलं. त्यांनी भिकारी हेच नाव घेतलं! गळ्यात भिक्षेच्या वाटीची चिन्हं अडकवली. सहा वर्षांनी, १ एप्रिल १५७२ ला, त्यांच्यातल्याच ‘समुद्रावरच्या भिकाऱ्यां’नी ब्रील बंदर जिंकलं आणि लढ्याला पाय ठेवायला जागा मिळाली.

शब्दचर्चेतली माणसं म्हणून आपल्याला पुढची गोष्ट आवडेल. शत्रूनं दिलेली शिवी जेव्हा माणूस मानानं मिरवतो, त्या नावाला डच भाषेत त्या भिकाऱ्यांवरूनच स्वतंत्र शब्द आहे. त्याचा शेवट ‘नाम’ असा होतो, आणि ते नाम आपल्या नामाचंच भावंड आहे. मराठीत एवढ्या अर्थाला एक शब्द नाही. उदाहरण मात्र आहे : गनीम. गनीम म्हणजे लुटारू, वैरी. मोगलांच्या फारसी लिखाणात मराठ्यांना हेच म्हटलेलं असे. आज ‘गनिमी कावा’ म्हणताना आपली छाती फुगते. त्यातला कावा म्हणजे घोडा गोल फिरवणं. स्पेनमध्ये १८०८ नंतर लोक नेपोलियनशी असंच लढले, त्यांचा शब्द गेरिया (आपण ‘गुरिल्ला’ म्हणतो तो), म्हणजे नुसतं ‘छोटं युद्ध’. आपल्या शब्दात निदान घोडा तरी दिसतो.

प्रतिसाद : बेळगाव, टिळकवाडी

निपाणीच्या ताईंचं वाचून राहवलं नाही. क्यूबाच्या क्रांतीत लढलेल्या चे गेव्हाराच्या नावातला ‘चे’ काय आहे, माहीत आहे? नाव नाही, पदवी नाही. अर्जेंटिनात बोलताना हाक मारायला ‘चे’ म्हणतात, आपल्या ‘अरे’, ‘ए’ सारखं. खरं नाव एर्नेस्तो. ग्वाटेमालात भेटलेल्या क्यूबाच्या लोकांना त्याचं ते सारखं ‘चे, चे’ ऐकून मौज वाटली आणि तेच नाव पडलं. बेळगावचा पोरगा पुण्याला गेला की दोन वाक्यांत ‘काय बे’ म्हणतो आणि ओळखू येतो, तसं. पुढे तो क्यूबाच्या राष्ट्रीय बँकेचा प्रमुख झाला आणि नोटांवर सही केली ती एवढीच : चे. आपल्या नोटेवर गव्हर्नरांनी ‘बे’ अशी सही केलेली डोळ्यांपुढे आणा, म्हणजे क्यूबातल्या सावकारांना काय वाटलं असेल ते कळेल.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. भाचीला सगळं वाचून दाखवलं. तिला चे सगळ्यात आवडला. तिचा आणखी एक प्रश्न : मग ‘क्रांतिवीर’ का म्हणतात? बेंगळुरूच्या रेल्वे स्टेशनला ‘क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा’ असं नाव आहे, ते तिनं तिकिटावर पाहिलंय.

प्रतिसाद : बेळगाव, शहापूर

बाळ, क्रांती आभाळातून आली. क्रम् म्हणजे पाऊल टाकणं, ओलांडणं. सूर्य ज्या वाटेनं फिरताना दिसतो ती क्रांतिवृत्त. तो एका राशीतून दुसरीत जातो ती संक्रांत, तिळगुळाची. युरोपातही तसंच झालं. कोपर्निकसच्या १५४३ च्या पुस्तकात ‘रेव्होल्यूशन’ म्हणजे ग्रहगोलांचं फिरणं. राज्य उलथण्याला तो शब्द नंतर लागला. १४ जुलै १७८९ ला पॅरिसमध्ये बॅस्टिलचा तुरुंग लोकांच्या हाती पडला. त्या दिवशी फ्रान्सच्या राजानं, सोळाव्या लुईनं, रोजनिशीत एकच शब्द लिहिला : ‘काही नाही’. ती शिकारीची रोजनिशी होती आणि शिकार मिळाली नव्हती. बातमी कळल्यावर त्यानं विचारलं, “हे बंड आहे का?” आणि दरबारी उत्तरला, “नाही महाराज, ही क्रांती आहे,” अशी गोष्ट सांगतात. म्हणजे तुझ्या बाईंचा आणि तुझा वाद तिथेही झाला.

माझं मत विचारशील तर, क्रांती झाली की नाही हे शेवटी ठरतं. बंड पहिल्या दिवशी करावं लागतं. नंदगडला रायण्णाच्या वडाजवळ गेल्यावर मला तो पहिला दिवसच आठवतो. म्हणून मी ‘बंड’ ठेवीन.

प्रतिसाद : निपाणीहून

मीही ठेवीन. आणखी एक नाव राहिलंच. नेल्सन मंडेला १९९३ ला नोबेल, १९९४ ला दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष. तरी अमेरिकेच्या दहशतवाद्यांच्या यादीतून त्यांचं नाव काढायला २००८ चा जुलै उजाडला, नव्वदावा वाढदिवस काही दिवसांवर असताना. ‘नेल्सन’ हे नाव शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी ठेवलेलं. वडिलांनी ठेवलेलं नाव रोलिहलाहला. शब्दशः अर्थ झाडाची फांदी ओढणं. पण त्यांच्या खोसा बोलीत रोजच्या वापरात अर्थ होतो उपद्व्यापी पोर. याला मराठी शब्द कोणता द्याल? ‘खोडकर’ फारच गोड वाटतो.

प्रतिसाद : गडहिंग्लजहून

‘पुंड’. जुन्या मराठीत पुंड म्हणजे सरकारला न जुमानणारा, आणि पुंडावा म्हणजे बंडच. कन्नडमध्ये आज पुंड म्हणजे वांड, दांडगट. आमची आजी संकेश्वरकडची. आंब्याच्या फांदीला लोंबकळणाऱ्या नातवाला ती खालून ओरडायची, “उतर की रे पुंडा!” फांदी खाली यायची, तो नाही.