विंकलरचं खरं देणं कोणतं: जर्मेनियम की वायूची ब्युरेट?

मूषा: जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लेमेन्स विंकलर (1838–1904) म्हटलं की त्याने शोधलेलं जर्मेनियम हे मूलद्रव्य, त्यापुढे गाडी जात नाही. माझ्या मते तो शोध त्याच्या कामातला सगळ्यात कमी 'त्याचा' भाग. आवर्त सारणीत सिलिकॉनखालच्या, तेव्हा न सापडलेल्या या मूलद्रव्याची जागा मेंडेलीव्हने 'एका-सिलिकॉन' या नावाने 1871 मध्येच राखून ठेवली होती. जर्मनीतल्या फ्रायबर्गजवळच्या हिमेल्सफ्युर्स्ट खाणीतलं आर्जिरोडाइट हे नवं खनिज आहे हे खनिजतज्ज्ञ वाइसबाखने ओळखलं आणि विश्लेषणाला विंकलरकडे दिलं. 1886 मध्ये कुणाही चांगल्या विश्लेषकाला ते सापडलंच असतं. गंधकाम्लाची संपर्क पद्धत (उत्प्रेरकावर सल्फर डायऑक्साइडचा ट्रायऑक्साइड करून आम्ल बनवणं) आणि कारखान्यातलं वायुविश्लेषण (ब्युरेट म्हणजे खुणांच्या काचनळीत वायू मोजणं), वारसा म्हणायचा तर हा.

गाळणकागद: "कुणाही"वर आक्षेप. आर्जिरोडाइटमध्ये चांदी जवळपास 75 टक्के, गंधक 17, बाकी लोह-जस्त-पारा किरकोळ. बेरीज 93–94 वर अडते ती अडतेच. यावर बहुतेक जण आपलीच चूक झाली असं समजून वही मिटतात.

आणि हे मूलद्रव्य निसटतं कसं ते बघा. खनिज सोडा-गंधकाबरोबर वितळवून पाण्यात काढलं की चांदी मागे राहते. आर्सेनिक, अँटिमनी आणि जर्मेनियम द्रावणात जातात. बेतानं आम्ल घातलं की पहिल्या दोघांची सल्फाइडं खाली बसतात. ती गाळल्यावर भरपूर हायड्रोक्लोरिक घालायचं, तेव्हा कुठे पांढरा, फुगीर साका येतो. तोही सवयीप्रमाणे साध्या पाण्याने धुतलात तर विरघळून गाळणाबरोबर मोरीत. क्लोराइड करून उकळायला ठेवलंत तर ते 86 अंशांनाच उडून जातं. प्रत्येक पायरीवर भोक आहे!

मेंडेलीव्हच्या भाकिताचाही वाटाड्या म्हणून उपयोग झाला नाही. विंकलरने आधी त्याला अँटिमनी आणि बिस्मथ यांच्यामध्ये बसवलं होतं. खुद्द मेंडेलीव्हलाही पहिल्यांदा ते एका-सिलिकॉन वाटलं नाही. ताळा नंतर जमला: अणुभार 72 च्या जागी 72.32, घनता 5.5 च्या जागी 5.47. दहावीच्या पुस्तकातला तक्ता वाचून सगळं सरळ झालं असं वाटतं, एवढंच.

ओलियम: मूषा, संपर्क पद्धत त्याच्या नावावर टाकू नका. प्लॅटिनमवर सल्फर डायऑक्साइडचं ऑक्सिडीकरण करण्याचं पेटंट ब्रिस्टलच्या पेरेग्रीन फिलिप्सने 1831 मध्येच घेतलं होतं. विंकलरने 1875 मध्ये प्लॅटिनम चढवलेलं ॲस्बेस्टॉस वापरलं, ते ठीक. पण सल्फर डायऑक्साइड आणि ऑक्सिजन अगदी 2:1 हवेत असं धरून त्यासाठी गंधकाम्लच तापवून फोडलं. आम्ल फोडून आम्ल! या प्रमाणापायी लोक बरीच वर्षं चुकीच्या वाटेवर राहिले. ऑक्सिजन जास्त ठेवायचा, उष्णता काढून घ्यायची (फार तापलं की ट्रायऑक्साइड परत फुटतो) आणि वायूतला आर्सेनिक धुऊन टाकायचा, नाहीतर प्लॅटिनम मरतं. हे सगळं बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत रसायनशास्त्रज्ञ क्नीच्शने बसवलं.

मूषा: 2:1 ची चूक मान्य, साका धुण्याचा मुद्दाही मान्य. वायुविश्लेषण सोडत नाही. धुराड्यातला वायू तिथल्या तिथे मोजायची सवय कारखान्यांना लावण्यात विंकलरचा मोठा वाटा. वायू एकेका द्रावणात शोषून घ्यायचा: आधी पोटॅश (कार्बन डायऑक्साइडसाठी), मग क्षारीय पायरोगॅलॉल (ऑक्सिजनसाठी), शेवटी अमोनियायुक्त क्युप्रस क्लोराइड (कार्बन मोनॉक्साइडसाठी). क्रम चुकवला की आकडा खोटा: पायरोगॅलॉल आधी घेतलं तर ते कार्बन डायऑक्साइडही गिळतं आणि ऑक्सिजन फुगलेला दिसतो. क्युप्रस आधी घेतलं तर ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडच्या खात्यात जमा.

द्रावणातलं तांबं विजेने बसवून तोलायची त्याची प्लॅटिनमच्या जाळीची कॅथोडही (ऋण टोक) विसरू नका. तांबं घट्ट बसतं, धुताना सुटत नाही. फक्त प्रवाह चालू ठेवूनच बाहेर काढायची. आधी बटण बंद केलं तर नायट्रिक आम्ल बसलेलं तांबं परत खातं.

गाळणकागद: म्हणजे शेवटी आपण दोघंही त्याच्या हाताचंच कौतुक करतोय. मग जर्मेनियम त्यातून वगळायचं कशाला?

कुंपणावरचा: एकच विनंती, 1947 चा ट्रान्झिस्टर त्याच्या खात्यात घालू नका. तो स्फटिक जर्मेनियमचा होता खरा, पण विंकलर जाऊन तोवर 43 वर्षं झाली होती.