रेटिंगवर जाऊ नका
वर तुम्ही म्हणालात, बुद्धिबळात चौथीतल्या पोराकडून हरल्यावर पुन्हा स्पर्धेत उतरावंसं वाटत नाही. अहो, ओपनला, म्हणजे सगळ्या वयांच्या एकत्र स्पर्धेत, हे चालायचंच! त्या वयात रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा, खऱ्या खेळाच्या मागेच धावतं. १८ वर्षांखालच्या, २३०० रेटिंगच्या आतल्या मुलांना फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) के-फॅक्टर, म्हणजे निकालानंतर रेटिंग किती वेगाने बदलतं तो आकडा, ४० देते, आपल्याला बहुतेकदा २०; तरी पोरं त्याहून भराभर सुधारतात. परवा माझ्यासमोरचा घड्याळापर्यंत हात पुरेना म्हणून खुर्चीवर गुडघे टेकून बसला होता. चाल केली, लिहिली, की चालला शेजारचे पट बघायला! डावपेचांत त्यांना गाठणं कठीण. मी वजीर लवकर बदलून डाव हत्तींच्या एंडगेममध्ये (शेवटच्या टप्प्यात) नेतो, तिथे कंटाळतात बेटे. आणि बरोबरी विचारायची तर आपली चाल करून, घड्याळ दाबायच्या आधी.