मेंटेनरला मराठीत काय म्हणावं? 'राखणदार' चालेल का?

अंत्रुजी:
फोंड्यात मुलांसाठी लिनक्सवर चार पानांचं मराठी टिपण करतोय. लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, सोर्स कोडमध्ये 'मेंटेनर्स' नावाची एक फाइल असते. कुठला भाग कोण सांभाळतो, म्हणजे त्याचा मेंटेनर कोण, आणि पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, कोणाला पाठवायचा, ते तिच्यात. मी 'देखभालकर्ता' लिहिलं, तर एका मुलीनं विचारलं, "सर, म्हणजे लिफ्टवाला?" तेव्हापासून अडलोय. 'राखणदार' कसा वाटतो?
आणखी एक. त्या फाइलीत प्रत्येक भागाची स्थिती दिलेली असते. सपोर्टेड, म्हणजे ते काम बघायचे कोणाला तरी पैसे मिळतात. मेंटेन्ड, म्हणजे कोणीतरी खरंच बघतं. ऑड फिक्सेस, म्हणजे माणूस आहे, पण मधूनच एखादा पॅच टाकण्यापलीकडे त्याला सवड नाही. ऑर्फन, म्हणजे कोणीच नाही. शेवटच्याला 'पोरका' ठेवलाय. ऑड फिक्सेसला काय म्हणू?

कुळागर:
अंत्रुजीबाब, राखणदार नको. आमच्या सत्तरीत राखणदार म्हणजे देवचार, गाव राखणारं भूत. त्याला रोट लागतो, विडी लागते, कुठेकुठे सोरो, म्हणजे दारूही. रात्री शीव फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, सगळं खरं. पण त्यानं कोणाचं पडलेलं कुंपण उभं केल्याचं ऐकलं नाही.

शुद्धमती:
'देखभाल' मुळात हिंदी, ते काढलंत तर बरंच. आपला अस्सल 'निगा' असताना कशाला? निगादार लिहा.

पाटो:
शुद्धमतीताई, निगा फारसी 'निगाह'वरून आलाय. अस्सलच हवं तर राखणच बरी: रक्ष्, रक्ख, राख.

शुद्धमती:
इतकी शतकं राहिलेला पाहुणा घरचाच होतो.

पाटो:
मग मेंटेनरलाही सोप्यावर बसायला जागा द्या. लिनक्स १९९१चं. तेवढी वर्षं झाली की त्याला.

सुपारी:
मेंटेनन्स म्हटलं की आमच्या वकील मामाला पोटगीच आठवते. एकदा सोसायटीच्या सभेत कोणी "मेंटेनन्स थकलाय" म्हणाला, तर मामा दचकून उठले. असो. अर्थाकडे बघा ना. लिनक्सचा मेंटेनर स्वतः कोड किती लिहितो? निम्मा वेळ दुसऱ्यांचे पॅच वाचायचे, परत पाठवायचे, पटले ते आपली सही करून वर लिनक्सच्या जनकाकडे, टोरवाल्ड्सकडे सरकवायचे. हे राखण नाही आणि दुरुस्तीही नाही.

खाजनकाठ:
सुपारीचं बरोबर. मी तिसवाडीतला, खाजनाच्या काठावर वाढलेला. खाजन म्हणजे खाडीकाठची सखल शेतजमीन. तिला बांध असतो आणि बांधाला मानशी, म्हणजे पाण्याची दारं. मानशीची लाकडी दारं भरतीला आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, शेतातलं जादा पाणी बाहेर सोडायचं. तरी त्यावर माणूस लागतोच. फळी कुजली का, दारात ओंडका अडकला का, कुर्लीनं, म्हणजे खेकड्यानं, बांधाला भोक पाडलं का, हे भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून बघायचं. एवढंसं भोक, पण वेळीच बुजवलं नाही तर पुढच्या भरतीला तिथेच बांध फुटतो. आजोबा पायानं चाचपत बांधावरून चालायचे. मी मागून चाललो की ओरडायचे, कारण मी भोकावरच पाय द्यायचो.
म्हणून माझं मत 'मानशेकार'ला. आत काय घ्यायचं नि काय नाही हे ठरवणारा, शिवाय चिखलात उतरणारा.

पाटो:
हे तिसवाडीत समजेल, सोलापुरात नाही. आणि मानशीचा लिलाव होतो, तो घेणाऱ्याचा डोळा मासळीवर असतो. तसला मेंटेनर नको!

खाजनकाठ:
लिलाव घेणाऱ्याला मेंटेनर म्हणालोच नाही मी. नीट वाचा. बांध राखणारे निराळे. आमच्याकडे आधी कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था, बघायची, पुढे कुळं आणि त्यांच्या संघटना आल्या, आणि आता बांध फुटला की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

सुपारी:
फ्रीबीएसडी या दुसऱ्या संगणकप्रणालीत तेच दिसतं. एखाद्या पोर्टला, म्हणजे तिच्यासाठी तयार केलेल्या प्रोग्रॅमला, कोणी वाली उरला नाही की मेंटेनरच्या जागी पोर्ट्सच्या सामायिक ईमेल यादीचा पत्ता येतो. सगळ्या गावाचं म्हणजे कोणाचंच नाही.

शुद्धमती:
'वाली'! वापरा की मग हाच. किती सुटसुटीत.

पाटो:
वाली अरबी आहे ताई.

कुळागर:
मला मात्र ओपनबीएसडी या तसल्याच आणखी एका प्रणालीचे लोक करतात त्याला शब्द सापडलाय. १९९६पासून ते सगळा कोड ओळीओळीनं वाचत आलेत, कुठे काही मोडलेलं नसतानासुद्धा. २०१४ साली ओपनएसएसएल या सांकेतिक संदेशांच्या कोडमध्ये हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडून गोंधळ झाल्यावर त्यांनी त्याच कोडचा वेगळा फाटा काढला, लिब्रेएसएसएल, आणि पहिल्या आठवड्यातच सी भाषेतल्या सुमारे ९० हजार ओळी उडवल्या. ही डागडुजी नव्हे. ह्याला आमच्यात कौलं चाळणं म्हणतात. मे महिन्यात छपरावर चढायचं, एकेक कौल उचलायचं, पाचोळा नि उंदरांची घरटी काढायची, फुटकं खाली टाकायचं, धड असेल ते पुन्हा बसवायचं. गळलं म्हणून चढायचं नसतं, गळू नये म्हणून चढायचं.

पाटो:
चाळणं आवडलं. पण डागडुजीला कमी लेखू नका. माझा अंदाज, तो शब्द भांड्याला डाग देण्यातून आला असावा. कल्हईवाला फुटक्या तपेलीला डाग द्यायचा तसा.

शुद्धमती:
अंदाजावर व्युत्पत्ती चालत नाही. आधार द्या.

पाटो:
तुमच्या निगेला होता का?

अंत्रुजी:
मंडळी, माझं टिपण शनिवारी छापायला जायचंय. मुख्य शब्द तूर्तास 'मेंटेनर'च ठेवतो, समासात मानशेकाराची गोष्ट घालतो. पण ऑड फिक्सेसचं राहिलंच की.

सुपारी:
कुळागरबाब, कौलांवरून आठवलं. डिचोलीच्या बाजूला चाळणारा कोणी आहे का हो? मे संपत आला, आणि आमचं माजघर गेल्या वर्षीच गळत होतं.

कुळागर:
साखळीला आहेत एक, जुने. पण आता गुडघे धरलेत, मुलगे वर चढत नाहीत. बोलावलंत तर येतील, एखाददुसरं कौल सारखं करून चहा पिऊन जातील. अख्खं छप्पर काही व्हायचं नाही त्यांच्यानं. नंबर पाठवू?

सुपारी:
पाठवा. तेवढं तरी होऊ दे.