सिंगापूरचा वर्क पास: आपल्याकडच्या लोकांचे अनुभव

मंडळी, बीड, परभणी, जालना, लातूर, कुठूनही सिंगापूरला कामाला गेलेले असाल नाहीतर जायची तयारी चालू असेल तर पासचा अनुभव इथं लिहा. आपल्याकडं चौकशी करायची म्हणलं की पहिला एजंटच भेटतो, आणि तो सांगतो ते अर्धंच असतं. डिग्री आणि मोठा पगार असेल तर एम्प्लॉयमेंट पास, मधल्या कुशल कामाला एस पास, शिपयार्ड-बांधकामाला वर्क परमिट. आपल्याला यातला कोणता मिळणार ते आधी विचारा. अर्ज कंपनीकडूनच जातो आणि मंजूर झाला की आयपीएचं (म्हणजे तत्त्वतः मंजुरीचं) पत्र येतं. ते पत्र बघितल्याशिवाय कुणाला एक रुपया देऊ नका, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

गेवराईकडचा वेल्डर
आयटीआय करून वाळूजला होतो, तिथून इकडं शिपयार्डात आलो. एजंट म्हणला सरकारला ५,००० सिंगापूर डॉलर डिपॉझिट भरावं लागतंय ते तू दे, घरी वावर गहाण टाकायची बोलणी सुरू झाली होती. मग इथल्या एका तमिळ फिटरला फोन लावला तर तो म्हणला ते मालकानं भरायचं असतंय. खरंच आहे, आम्हा वर्क परमिटवाल्यांचा हा बाँड न् दर महिन्याची लेव्ही (परदेशी कामगारामागं सरकारला भरायचा कर) मालकाकडंच, पगारातून कापता येत नाही. इथल्या एजन्सीची फी पण दोन वर्षाच्या परमिटला जास्तीत जास्त दोन महिन्याचा पगार. आयपीएवर बेसिक किती, कपात किती सगळं लिहिलेलं असतंय. माझ्या पत्रावर बेसिक ९०० होता अन् एजंटनं चिठ्ठीवर लिहून दिलेला १,४००, मग कंपनीला विचारून नीट समजून घेतलं तेव्हाच होकार दिला. भावांनो पत्राचा फोटो घरी पाठवून ठेवा. मिनिस्ट्री ऑफ मॅनपॉवरच्या (इथल्या कामगार खात्याच्या) साइटवर अर्ज खरा का खोटा तेही बघता येतंय. वर्क परमिटवर बायकापोरं आणता येत नाहीत, हे मात्र घरात आधीच बोलून घ्या.

उदगीरची सून
ह्यांचा एम्प्लॉयमेंट पास झाला, मग माझा नि लेकराचा डिपेंडंट पास. त्याला नवऱ्याचा पगार महिना ६,००० डॉलर तरी लागतो, आईवडिलांना न्यायचं तर १२,०००. आमचं लग्न गावात झालेलं, नोंदणी कुणी केलीच नव्हती, त्यामुळं ग्रामसेवकाकडं जाऊन लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार सगळं जमवून दाखला काढला. त्यात शाळेच्या दाखल्यावर सासरे-दीर सगळ्यांचा जन्म १ जून (आपल्याकडं गुरुजींनी निम्मा गाव एकाच दिवशी जन्माला घातलाय), ह्यांची तेवढी तारीख सगळीकडं सारखी निघाली म्हणून निभावलं. बायांनो, पासपोर्टवरचं नाव, आधार आणि लग्नाचा दाखला तिन्ही अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. आणि डिपेंडंट पासवर लगेच नोकरी करता येईल असं समजू नका, मे २०२१ पासून त्याला स्वतःचा वर्क पास लागतो.

नांदेडचा सॉफ्टवेअरवाला
एम्प्लॉयमेंट पासला जानेवारी २०२५ पासून किमान ५,६०० पगार, फायनान्स कंपनीत ६,२००, आणि वय वाढेल तसा आकडा वाढतो. वरून २०२३ पासून कंपास नावाची गुणांची पद्धत, ४० गुण लागतात. मला यातली जाचक गोष्ट वाटली ती ही की कंपनीत वरच्या नोकऱ्यांमधे आपल्याच देशाचे लोक जास्त असले की त्या खात्यात शून्य पडतो, म्हणजे माणूस कितीही हुशार असू दे, भारतीयांनी भरलेल्या कंपनीत अवघड जातं. म्हणून ऑफर घेताना टीममधे कोण कोण आहे ते जरूर विचारा. डिग्रीचे गुण मिळवायचे तर तिची पडताळणी करून घ्यावी लागते, सर्टिफिकेट हाताशी ठेवा.

परभणीहून
आमच्या ओळखीतल्या पोराला आधी टुरिस्ट व्हिसावर चल, पास तिथं गेल्यावर होईल असं सांगत होते. पासशिवाय काम करणं तिथं गुन्हा आहे, दंड होतो, तुरुंगही होतो. मोंढ्यात हमाली करणाऱ्या बापाचे पैसे होते ते, आम्ही चौघांनी जाऊन परत मागितले.

लातूरची नर्स
ताई-दादांनो, नर्सिंगवाल्यांना नुसता पास पुरत नाही, सिंगापूर नर्सिंग बोर्डाची नोंदणी लागते. आपल्या कौन्सिलची कागदपत्रं आधीच मागवायला टाका, वेळ सगळा तिथंच जातो. कुणाला यादी पाहिजे असली तर विचारा, ड्युटी संपली की लिहिते.