डेस्कटॉप येतो आणि संगणक थिजतो: तुमच्याकडे शेवटी काय निघालं?

साताऱ्याला बाबांकडे २०१५ साली जोडून घेतलेला संगणक आहे. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. गेली सहा वर्षं ते त्यावर आमच्या घराण्याची वंशावळ आणि जुन्या मोडी कागदांची देवनागरी प्रत तयार करतायत. गणपतीत घरी गेलो तर म्हणाले, "अरे, हा चालू होतो, सगळी चित्रं दिसतात, आणि वंशावळीचं फोल्डर उघडलं की गप्प बसतो." मी समोर बसून पाहिलं. बाण जागच्या जागी, कोपऱ्यातलं घड्याळ ९:१२ वर थांबलेलं. बटण दाबून धरायचं, बंद करायचं, परत चालू करायचं, परत तेच.

दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केलं होतं, "विंडोज उडालीय काका, फॉरमॅट मारून देतो." बाबा हो म्हणायच्या बेतात होते. सहा वर्षांचं सगळं काम सी ड्राइव्हवर, डेस्कटॉपवरच ठेवलेलं. दुसरी प्रत कुठेही नाही.

मग मी कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा लाल दिवा बघत बसलो. एरवी तो लुकलुकत असतो. इथे मशीन थिजलं की तो लागूनच राहायचा आणि आतून बारीक टक्, टक्, टक् असा आवाज यायचा. पुढच्या वेळी चालू झाल्या झाल्या पेनड्राइव्हवरून क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम चालवला. पिवळी खूण, 'कॉशन'. सी५ या ओळीत, म्हणजे 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' समोर, शून्य असायला हवं. तिथे शून्य नव्हतं. म्हणजे डिस्कच्या काही जागा धड वाचता येत नव्हत्या. अशी जागा आली की डिस्क ती पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तोवर अख्खी विंडोज तिची वाट बघत उभी राहते.

अशा डिस्कवर आधी चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, चालवायचं नाही. सगळी डिस्क तासन् तास पिंजून काढण्यात ती कायमची जाऊ शकते. मी पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घेतलं (विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरूनच चालू शकणारी दुसरी सिस्टिम), त्यावरून मशीन चालू केलं आणि बाबांचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. स्कॅन केलेली तीन पानं गेली, बाकी सगळं आलं. त्या तीन पानांचे मूळ कागद ट्रंकेत आहेत, बाबा परत स्कॅन करतायत.

हे घडल्यापासून मला वाटतं की कुणाच्याही घरी फॉरमॅटला हो म्हणायच्या आधी दोन गोष्टी व्हाव्यात. पहिली, डेटा बाहेर. दुसरी, मशीन नेमकं केव्हा आणि कसं थिजतं ते कागदावर लिहून काढणं. तुमचे अनुभव लिहा. काय दिसत होतं, काय काय करून पाहिलं आणि शेवटी दोष कुठे निघाला, तिन्ही लिहा. फसलेले उपायही लिहा.

रत्नागिरीहून

आमचं घर समुद्रापासून दीड किलोमीटरवर. दर पावसाळ्यात आषाढ लागला की संगणक थिजायला लागायचा, तोही वेळ न ठरवता. कधी दोन मिनिटांत, कधी वीस. दोनदा विंडोज नव्याने टाकली, पैसे गेले, फरक शून्य. तिसऱ्या वर्षी धाकट्या दिरांनी रॅम तपासणारं मेमटेस्ट चालवलं, तर पाच मिनिटांत पडदा लाल चुकांनी भरला.

त्यांनी वायर काढली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. खालचे सोनेरी दात काळपट पडले होते, दोन ठिकाणी हिरवट डागही होते. माझ्या मुलीचं पेन्सिलचं पांढरं खोडरबर घेऊन ते दात हलक्या हाताने पुसले. रबराचा चुरा रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडला, स्लॉटमध्ये एक कणही जाऊ दिला नाही. मग एकच पट्टी लावून मेमटेस्ट, ती काढून दुसरी लावून मेमटेस्ट. दोन्ही स्वच्छ.

खाऱ्या हवेला उपाय नाही. पण आता पावसाळ्यात मशीन रोज तासभर चालूच ठेवते, आतली ऊब राहिली की ओल धरत नाही. चार वर्षं झाली, फॉरमॅट एकदाही नाही.

नागपूरहून

माझी गोष्ट मे महिन्यातली. चालू केल्यावर बरोबर दोन-अडीच मिनिटांनी ठप्प. अँटिव्हायरस काढला, ड्रायव्हर (संगणकाचे भाग विंडोजशी जोडणारे छोटे प्रोग्राम) बदलले, सगळं विंडोजच्या आतच शोधत राहिलो. मग एकाने विचारलं, "बायोसमध्ये थिजतो का?" बायोस म्हणजे विंडोजच्या आधी उघडता येणारा मदरबोर्डचा सेटिंगचा पडदा. कधी पाहिलंच नव्हतं. सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये गेलो आणि नुसता बसून राहिलो. तिथेही थिजला. बायोसमध्ये विंडोज नसतेच, त्यामुळे आठ दिवस ज्याच्या मागे होतो ते सगळं एका क्षणात बाद झालं.

तिथेच हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर प्रोसेसरचं तापमान दिसतं. आकडा डोळ्यांदेखत चढत होता, ७०, ८२, ९१. कॅबिनेट उघडलं तर इंटेलच्या कूलरला ज्या चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात त्यातली एक सुटून वर आलेली. कूलर एका बाजूने उचलला गेला होता. पंखा छान फिरत होता, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी जुनी, वाळलेली थर्मल पेस्ट पुसली, तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली, खुंटी टक् असा आवाज होईपर्यंत दाबली. बाहेर ४५ अंश असतानाही आता आत ५५च्या वर जात नाही.

सांगलीहून, डीटीपीवाला

माझ्याइतके फॉन्ट कुणाच्या घरच्या मशीनवर नसतील, तरी लिहितो, कारण घरूनच पत्रिका आणि हस्तपत्रकं करणारे बरेच जण आहेत.

युनिकोड, म्हणजे सगळ्या फॉन्टना चालणारी अक्षरांची सामायिक पद्धत, येण्याआधीचं सगळं मराठी काम त्या त्या फॉन्टला बांधलेलं. श्रीलिपीत केलेली पत्रिका श्रीलिपीच्याच फॉन्टने उघडणार, कृतिदेवची कृतिदेवने. फॉन्ट नसेल तर पडद्यावर अगम्य चिन्हं. त्यामुळे गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन आलं की त्यातला फॉन्टही मशीनमध्ये टाकायचा, ही आमची सवय. काढून कुणी टाकत नाही, न जाणो पुढच्या लग्नसराईत लागेल.

विंडोज ७ होती. डेस्कटॉप यायचा, अर्धी आयकॉनं पांढरी, आणि दहा-बारा मिनिटं सगळं थिजून मग एकदम जिवंत व्हायचं. हे 'मग जिवंत व्हायचं' फार महत्त्वाचं होतं, पण माझ्या लक्षात आलं नाही. रॅम, डिस्क, उष्णता, सगळं तपासून झालं, सगळं ठणठणीत. तेव्हा लग्नाची तिथी आठ दिवसांवर असलेल्या सात पत्रिका हातात होत्या. रात्री झोप नव्हती.

शेवटी फॉन्टचं फोल्डर उघडलं. खाली आकडा आला ३,४१२. सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवले आणि विंडोजचे स्वतःचे सोडून बाकी काढून टाकले. सिस्टिम३२ मध्ये 'एफएनटी-कॅश' नावाची फाइल असते, तीही सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरती विंडोज चालू करून, उडवली. विंडोज ती आपली आपण नवी बनवते. मशीन चाळीस सेकंदांत उभं. मग अर्धे परत टाकले, रीस्टार्ट. ठीक. उरलेल्यातले अर्धे, रीस्टार्ट. थिजलं. त्यातले परत अर्धे. असं निम्म्या-निम्म्याने जात रात्री दोन वाजता एकाच फाइलवर आलो. नाव साधंच, कुणीतरी चोरून उतरवलेली मोडकी प्रत. नुसती डबल क्लिक केली तरी मशीन मान टाकायचं.

निम्मे करत शोधायची ही रीत मी तेव्हापासून सगळीकडे वापरतो. स्टार्टअपला चालू होणारे प्रोग्राम असोत, एमएसकॉन्फिग या विंडोजच्या साधनातल्या सर्व्हिसेस (मागे चालणारी कामं) असोत, निम्म्या बंद करा आणि बघा. सर्व्हिसेसच्या यादीत आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर खूण मात्र करा, नाहीतर गरजेचंच काहीतरी बंद कराल. आता माझ्याकडे दीडशे फॉन्ट कायम, बाकी फोल्डरमध्ये. काम आलं की टाकतो, काम गेलं की काढतो.

डोंबिवलीहून

दोन अँटिव्हायरस. एक दुकानदाराने टाकून दिलेला, एक मुलाने. दोघंही सुरुवातीलाच एकमेकांच्या फाइली तपासत बसायचे. सेफ मोडमध्ये मशीन उत्तम चालायचं, तिथेच कळलं. एक काढला, संपलं.

न्यू जर्सीहून

आई नाशिकला एकटी असते. संगणक म्हणजे तिचे व्हिडिओ कॉल आणि भिशीचा हिशेब. गेल्या वर्षी रोज सकाळी थिजायला लागला. माझी रात्र, तिची सकाळ, आणि मशीन थिजलेलं, त्यामुळे दुरून जोडून बघायचीही सोय नाही. सगळं फोनवर.

मी तिला वही घ्यायला लावली. रोज किती वाजता चालू केला, आधी कसा बंद केला होता, थिजला की नाही. आठव्या दिवशी आई स्वतःच म्हणाली, "अगं, लाइट गेले होते ना, त्या दिवशी नाही थिजला. आणि परवा तू रीस्टार्ट करायला लावलास तेव्हाही नाही." मी तिला म्हटलं, आई, तू सोडवलंस.

विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आला. शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. त्यात एखादा ड्रायव्हर बिघडलेल्या अवस्थेत असला तर रोज सकाळी तीच बिघडलेली अवस्था परत येते. रीस्टार्टला मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून शटडाउननंतर थिजतो आणि रीस्टार्टनंतर नाही असं असेल तर आधी इथे बघा: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. तिथली चौकट आधी फिकी असते. वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल'वर क्लिक केलं की मग फास्ट स्टार्टअपची खूण काढता येते. आईने ती काढली. सुरू व्हायला आता थोडा जास्त वेळ लागतो, तेवढ्यात ती चहा टाकते.

लातूरहून

पाण्याची मोटर लावली की थिजायचा. घरच्यांना योगायोग वाटायचा. मल्टिमीटरने एसएमपीएसची (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची) पिवळी वायर मोजली: १२ व्होल्ट हवेत, ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ पर्यंत. मोटर चालू होताना ११.१ दिसले. आतले कॅपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) डोक्यावर फुगलेले होते. एसएमपीएस स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही आत विजेचा दाब शिल्लक असतो. नवा चांगल्या वजनाचा एसएमपीएस घेतला आणि घराचं अर्थिंग नीट करून घेतलं.

कोल्हापूरहून

सगळ्यांचं दोषाचं चाललंय, माझं वेगळं. मशीन ठणठणीत, पण ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क आणि त्यावर विंडोज १०. चालू झाल्यावर पंधरा मिनिटं टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के. थिजत नव्हता, गुदमरत होता. विंडोजच्या सिसमेन, सर्च या सर्व्हिसेस बंद करा, असे सल्ले खूप मिळाले, त्याने दोन दिवस बरं वाटायचं. शेवटी २४० जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि आणखी ४ जीबी रॅम घातली. एवढंच करायचं होतं, दोन वर्षं उगाच घालवली.

अकोल्याहून

माझा अजून सुटलेला नाही. डेस्कटॉप आल्यावर मिनिटभरात पडदा थिजतो. डेटा काढलाय. कुठून सुरुवात करू?

साताऱ्याहून, धागाकर्ता

दादा, तीन गोष्टी बघून सांगा. थिजल्यावर कॅप्स लॉक दाबून कीबोर्डचा दिवा लागतो-विझतो का? बायोसमध्ये अर्धा तास ठेवल्यावर थिजतो का? पेनड्राइव्हवरच्या लिनक्स मिंटवर चालतो का? प्रिंटर, कार्ड रीडर, सगळी यूएसबी काढून ठेवा, फक्त माउस आणि कीबोर्ड. एका वेळी एकच गोष्ट बदला.

अकोल्याहून

कॅप्स लॉकचा दिवा लागतो. बायोसमध्ये अर्धा तास काही झालं नाही. मिंटवर मुलाने दोन तास अभ्यास केला.

साताऱ्याहून, धागाकर्ता

मग मशीन जिवंत आहे, पडदाच अडकतोय असं वाटतं. थिजला की विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला तर दोष तिथेच.

अकोल्याहून

आला! काळा झाला, बीप वाजला आणि बाण हलायला लागला. शिफ्ट धरून रीस्टार्ट केलं, स्टार्टअप सेटिंग्जमध्ये ४ दाबून सेफ मोडमध्ये गेलो, डिव्हाइस मॅनेजरमधून डिस्प्लेचा ड्रायव्हर काढला आणि मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरचा जुना टाकला. आज तिसरा दिवस. सकाळपासून चालू आहे, हे त्याच्यावरूनच लिहितोय.