हाइस्मन कोणाला? आकडे डॅनियल्सचे, विजय पेनिक्सचे

लुइझियानाकर
हाइस्मनच्या, म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या ट्रॉफीच्या, अंतिम चौघांची नावं आली: एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा) जेडन डॅनियल्स, वॉशिंग्टनचा मायकल पेनिक्स, ओरेगनचा बो निक्स आणि ओहायो स्टेटचा मार्विन हॅरिसन. मतदान संपलंय, शनिवारी ९ डिसेंबरला न्यू यॉर्कमध्ये निकाल. २०२३ची ही ट्रॉफी डॅनियल्सला मिळाली नाही तर तो सरळसरळ अन्याय असेल.

१२ सामन्यांत ३,८१२ यार्डांचे पास, ४० टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं), इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास) फक्त ४. एवढ्यावरही तो शर्यतीत असता. त्यात पळून काढलेले १,१३४ यार्ड आणि आणखी १० टचडाउन मिळवा. सामन्यामागे ४१२ यार्ड एकट्याचे!

फ्लोरिडाविरुद्धचा सामना ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. आदल्याच आठवड्यात अलाबामाविरुद्ध जबर धडक बसून तो मैदानाबाहेर गेला होता, खेळेल की नाही याचीच शंका होती. खेळला, आणि ३७२ यार्डांचे पास टाकून वर २३४ यार्ड पळाला. दोन धावा तर थेट टचडाउनच्या, एक ८५ यार्डांची, दुसरी ५१. एकाच सामन्यात ३५० यार्ड पास आणि २०० यार्ड धाव, हे कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटात आजवर कुणालाही जमलं नव्हतं.

सिएटलवासी
आकड्यांबद्दल वादच नाही. पण एलएसयू तीन सामने हरली: फ्लोरिडा स्टेट, ओल मिस, अलाबामा. पेनिक्सचा संघ १३-० आहे.

आणि हे तेरा विजय आयते मिळालेले नाहीत. सप्टेंबरअखेरच्या ॲरिझोना सामन्यापासून सलग नऊ सामने दहा किंवा त्याहून कमी गुणांनी जिंकलेत. १४ ऑक्टोबरची ओरेगनविरुद्धची लढत आठवा. दोन मिनिटं उरलेली, वॉशिंग्टन मागे, ओरेगनचा चौथा डाउन (शेवटचा प्रयत्न) फसला आणि चेंडू पेनिक्सकडे आला. दोन पास. पहिला सहकारी पोकला ३५ यार्डांचा, दुसरा ओडुन्झेला १८ यार्डांचा, टचडाउन. ३६-३३. दबावाखालचे असे दोन पास आणि जॉर्जिया स्टेटसारख्या दुबळ्या संघाविरुद्धचे आठ टचडाउन यांना एकाच तराजूत कसं तोलणार? डॅनियल्सच्या ५० टचडाउनपैकी आठ त्या एका सामन्यातले आहेत, हे विसरू नका.

कट्ट्यावरचा
सिएटलवासी, मग ॲरिझोना स्टेटचा सामनाही त्याच तराजूत टाका की. १५-७ने जिंकलात, पेनिक्सच्या आक्रमणाला एकही टचडाउन जमला नाही. डिफेन्सने पास पकडून ८९ यार्ड पळत नेला म्हणून वाचलात. 'जिंकला' म्हणून त्याचं श्रेय पेनिक्सच्या खात्यावर आणि एलएसयूच्या डिफेन्सची पापं डॅनियल्सच्या माथी, हे पटत नाही. ओल मिसविरुद्ध त्याने ४१४ यार्डांचे पास टाकले, ९९ यार्ड पळाला, संघाने ४९ गुण केले. तरी हरले, कारण डिफेन्सने ७०६ यार्ड आणि ५५ गुण दिले. क्वार्टरबॅकने (पास टाकणाऱ्याने) अजून काय करायचं, टॅकल पण त्यानेच करायचे?

दोन आठवड्यांपूर्वी अहमदाबादला आपण फायनल हरलो, तरी मालिकावीर कोहलीच ठरला ना? ७६५ धावा केल्या होत्या त्याने. कुणी हरकत घेतली?

सिएटलवासी
कोहलीचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. भारत फायनलपर्यंत दहाच्या दहा सामने जिंकला होता, त्या धावा जिंकणाऱ्या संघासाठी होत्या. एलएसयूला स्वतःच्या कॉन्फरन्सची (संघांच्या गटाची) फायनलही गाठता आली नाही.

पुण्याहून
मी हा खेळ दोनच वर्षं बघतोय. मत नक्की कोण देतं?

कट्ट्यावरचा
८७० पत्रकार, हयात असलेले सगळे माजी विजेते आणि एक मत प्रेक्षकांचं. प्रत्येकाने तीन नावं क्रमाने द्यायची, त्यांना ३, २ आणि १ गुण. बोल (सीझनअखेरचे खास सामने) आणि प्लेऑफच्या आधीच मतदान संपतं, त्यामुळे १ जानेवारीला पेनिक्स टेक्सासविरुद्ध काहीही करो, हिशेबात धरलं जाणार नाही.

बेएरियाची_मावशी
अजून एक गोष्ट. पत्रकारांचे सहा विभाग आहेत, प्रत्येकी १४५ मतं, आणि आमचा पश्चिम किनारा त्यातला एक. आमच्याकडचे रात्रीचे सामने सुरू होतात तेव्हा पूर्वेकडचे झोपायच्या तयारीत असतात. पेनिक्सचे अर्धे पराक्रम त्यांनी सकाळी आकड्यांत वाचले असणार. आणि नुसते आकडे वाचले तर डॅनियल्सच पुढे दिसणार.

शिवाय आधीच्या इंडियाना विद्यापीठात असताना चार वेगवेगळ्या सीझनमध्ये दुखापत होऊन बाहेर बसलेला मुलगा आहे पेनिक्स. दोनदा तर गुडघ्याचा एसीएल (अस्थिबंध) गेला. मला तोच जिंकायला हवाय.

लुइझियानाकर
मावशी, त्याच्या जिद्दीला सलाम. पण ट्रॉफी या सीझनची आहे, चार दुखापतींची नाही.

तीन पराभवांचं म्हणाल तर आधीचे विजेते बघा: २००७चा टीबो, २०११चा ग्रिफिन, २०१६चा लमार जॅक्सन, मतदानाच्या वेळी तिघांचेही संघ ९-३च होते. एलएसयूही ९-३. १९५६ला तर हॉर्नंगला मिळाली, त्याचा संघ नोत्र दाम २-८ असताना!

सिएटलवासी
हॉर्नंगचं नाव काढलंत ते बरं झालं. त्याच वर्षी सिरॅक्यूसचा जिम ब्राउन पाचवा आला होता, आणि त्या मतदानाबद्दल लोक आजही हळहळतात. तो दाखला देऊन डॅनियल्सची बाजू भक्कम होत नाही. टीबो, ग्रिफिन, जॅक्सन मान्य. पण त्या तिन्ही वर्षी समोर १३-० संघाचा, ४,२१८ यार्ड टाकणारा क्वार्टरबॅक नव्हता.

माझी मतपत्रिका: पेनिक्स, डॅनियल्स, निक्स. निक्सचे ४० टचडाउन आणि फक्त ३ इंटरसेप्शन आहेत, पण पेनिक्सशी दोनदा गाठ पडली आणि दोन्ही वेळा तो हरला.

लुइझियानाकर
दोन्ही वेळा तीन-तीन गुणांनी. म्हणजे सहा गुण इकडचे तिकडे झाले असते तर आज तुम्ही निक्ससाठी भांडत असता. माझी: डॅनियल्स, निक्स, पेनिक्स.